अकीक घासणाऱ्याला सोबत कशाला हवी?

संगमनेरच्या एका वाचकांनी प्रश्न विचारला आहे. दीड वर्षापूर्वी त्यांनी दीड किलो दगड मावतील एवढा छोटा टंबलर, म्हणजे दगड पुडीसह फिरवून घोटणारा मोटारीचा ड्रम, घेतला आणि प्रवरेच्या पात्रात सापडणारे अकीक, गारा (गारगोट्या) आणि जास्पर असे कठीण दगड ते त्यात फिरवू लागले. पहिले दोन लॉट बरे निघाले. नंतरच्या तीन लॉटनी झिलई धरलीच नाही. घरचे लोक मोटारीच्या अखंड घरघरीला कंटाळले आहेत आणि ज्याच्यापाशी याविषयी चार शब्द बोलावेत असा एकही माणूस त्यांच्या ओळखीत नाही. हा छंद एकट्याने करण्याचा आहे की यात सोबत लागते, आणि मन रमावे म्हणून आता पैलू पाडण्याचे यंत्र घ्यावे का, असे ते विचारतात.

मी पुण्यात सत्तावीस वर्षे हे काम करतो आहे. आधी नुसता ड्रम, मग करवत आणि कॅबोशॉन (पैलूंशिवायचे, गोल पाठीचे घोटीव खडे), आणि गेली बारा वर्षे पैलू. त्या अनुभवावरून सांगतो की तुमचे लॉट बिघडणे आणि तुम्हाला सोबत नसणे या दोन वेगळ्या अडचणी नाहीत. पहिलीचे मूळ बऱ्याच अंशी दुसरीत आहे, म्हणून दोन्हींचे उत्तर एकत्रच देतो.

तुमच्या लॉटचे काय झाले असेल ते आधी पाहू. प्रवरेच्या वाळूत जे पांढरे गोटे मिळतात ते सगळेच गारेचे नसतात. आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत अकीक आणि स्फटिकाबरोबर कॅल्साइट आणि झिओलाइटही भरलेले असतात, आणि नदीने घासून गोल केल्यावर वरवर पाहणाऱ्याला ते सारखेच दिसतात. कठीणपणाच्या मोसच्या मापावर गार ७ आहे, कॅल्साइट ३ आणि झिओलाइट साधारण साडेतीन ते साडेपाच. असा एखादा मऊ गोटा ड्रममध्ये गेला की तो चार दिवसांत पीठ होतो, पाण्याचा लगदा दाट होतो, आणि त्या दाट लगद्यात ग्रिट, म्हणजे घासण्याची पूड, कापण्याचे काम सोडून नुसती तरंगत राहते. चाकूच्या टोकाने प्रत्येक पांढऱ्या गोट्यावर रेघ ओढून पाहा. रेघ उमटली तर तो दगड बाजूला ठेवा. ड्रम दोन तृतीयांशापेक्षा जरा जास्त भरावा, पाणी दगडांच्या वरच्या थराच्या किंचित खाली राहावे, मोठ्या दगडांबरोबर लहानही असावेत. हे सगळे यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत असते आणि तुम्ही ते वाचले असणार.

पुस्तिकेत जे नसते ते पहिल्या पायरीविषयी आहे. ६०/९० च्या जाड सिलिकॉन कार्बाइडमध्ये (आकडा जितका मोठा तितकी पूड बारीक) दगड सात ते दहा दिवस फिरवावेत असे तिथे लिहिलेले असते, आणि एकट्याने काम करणारा माणूस दहाव्या दिवशी ड्रम उघडतो, ओले दगड तळहातावर घेतो, त्यांचा रंग पाहून हरखतो आणि लगेच १२०/२२० कडे वळतो. त्यातल्या निम्म्या दगडांवर अजून खड्डे असतात, चिरा असतात, आणि त्या चिरांत बसलेली जाड ग्रिट पुढच्या प्रत्येक पायरीत थोडीथोडी सुटत राहते. मग ५०० ची पायरी होते, पॉलिशची पायरी होते, आणि सहा आठवड्यांनंतर हाती मेणचट, अंध दगड येतात. त्यांचे भवितव्य त्या दहाव्या दिवशीच ठरलेले असते. पण ते पाहणारा डोळा आपला नसतो, कारण दगड आपला असतो आणि तो झाला आहे असे वाटावे हीच आपली इच्छा असते. नेमका इथे दुसरा माणूस लागतो.

माझ्या वाट्याला आलेला दुसरा माणूस घड्याळ दुरुस्तीचे दुकान चालवत असे. आमची ओळख निघोजला कुकडीच्या रांजणखळग्यांपाशी झाली. पुराच्या भोवऱ्यात सापडलेल्या गोट्यांनी काळ्या पाषाणात कोरलेले ते खोल रांजण लोक वाकून पाहतात आणि पुढे जातात. हे गृहस्थ मात्र एका उथळ खळग्याच्या तळातले गोटे हातात घेऊन त्यांची कोणती बाजू जास्त झिजली आहे ते पाहत उकिडवे बसले होते. मी शेजारी बसलो. तासाभराने आम्ही दोघे उठलो तेव्हा एकमेकांचे पत्ते घेतलेले होते, आणि गोटे होते तिथेच परत ठेवलेले होते.

पुढच्या रविवारी मी माझा पहिला अभिमानाचा लॉट त्यांच्या दुकानात नेला. त्यांनी एक दगड उचलला, धोतराच्या सोग्याने खसखसून कोरडा केला, आणि ट्यूबलाइटखाली असा धरला की नळीचे प्रतिबिंब दगडाच्या पाठीवर पडावे. "कड बघा," ते म्हणाले. प्रतिबिंब होते, पण त्याची कड पिसासारखी विस्कटलेली होती. मग त्यांनी डोळ्याला भिंग लावले आणि दगड माझ्याकडे सरकवून नखाने एक जागा दाखवली. सुईच्या अग्राएवढे चार खड्डे होते आणि प्रत्येकात करडी पूड बसलेली होती. "ओला दगड खोटं बोलतो. आधी पुसायचा, मग बोलायचं." दगड निवडताना तो ओला करून, अगदी जिभेला लावूनसुद्धा, पाहावा, कारण आतला रंग कळतो, पण काम झाले की नाही हे ठरवताना तो कोरडा हवा. हा एवढाच धडा होता, पण त्यासाठी मी एकट्याने दोन वर्षे घालवली होती. त्यानंतर ते माझे दगड मला तीन-तीन, कधी चार वेळा पहिल्या पायरीत परत घालायला लावत. माझ्या समजुतीत या छंदातली मैत्री म्हणजे मुख्यतः हेच आहे: दुसऱ्याचा दगड "अजून झाला नाही" असे स्पष्ट सांगणे, आणि तसे ऐकल्यावर त्याच माणसाकडे पुढच्या रविवारी पुन्हा जाणे.

एक चूक माझ्या हातून झाली तीही सांगतो, कारण तिच्यातून आमचे नियम तयार झाले. त्यांनी शेवाळी अकीकाचा एक लॉट फार निवडून जमवला होता. हिरव्या तंतूंची जाळी असलेले, आरपार उजेड जाणारे दगड. पॉलिशच्या पायरीपर्यंत झीज होऊन ड्रम रिकामा वाटू लागला, आणि कमी भरलेल्या ड्रममध्ये दगड घसरण्याऐवजी आपटतात, म्हणून भर म्हणून त्यांनी माझ्याकडे पावशेर तयार दगड मागितले. मी आनंदाने दिले. त्यातल्या एका कार्नेलियनला (तांबूस अकीकाला) केसाएवढी चीर होती आणि तिच्यात १२०/२२० ची ग्रिट अडकलेली होती. पाचव्या दिवशी ड्रम उघडला तेव्हा त्यांच्या प्रत्येक दगडावर बारीक ओरखडे होते. ते काही बोलले नाहीत. त्यांनी तो कार्नेलियन शोधून काढला, भिंगाखाली ठेवला आणि मला बघायला दिला. तो लॉट ५०० पासून पुन्हा करायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मी रोज संध्याकाळी त्यांच्या दुकानात जाऊन ड्रम धुण्यापासून सगळे काम केले. तेव्हापासून आमच्यात ठरले की चिरेचा दगड दुसऱ्याच्या ड्रममध्ये कधीही जाणार नाही, देण्याघेण्याचा प्रत्येक दगड जुन्या टूथब्रशने वाहत्या पाण्याखाली घासला जाईल, आणि घेणारा तो भिंगाखाली पाहील. दिलेला दगड तपासून घेण्यात अविश्वास नसतो, हे तुमच्या भावी सोबत्याला पहिल्याच भेटीत सांगून टाका.

आता थोडे मागे जातो, कारण तुमचा प्रश्न वाचल्यावर मला गुजरातेतल्या खंबायतेची (खंभातची) चामड्याची पिशवी आठवली. भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या खाणींतला अकीक खंबायतेला जाऊन तिथे त्याचे मणी होत, आणि हे काम आजही चालते. तिथला कारागीर जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर दगड टेकवून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने त्याला आकार देतो. आकार दिलेल्या लहान मण्यांना झिलई देण्याची जुनी रीत अशी होती की जाड चामड्याच्या पिशवीत मणी, कुरुंदाची आणि अकीकाची बारीक पूड आणि पाणी घालून तोंड बांधायचे, पिशवीच्या पोटाभोवती पट्टा गुंडाळायचा, आणि खोलीच्या दोन टोकांना दोन माणसांनी समोरासमोर बसून ती पट्ट्याने आळीपाळीने आपल्याकडे ओढत राहायचे. पिशवी इकडून तिकडे लोळत राही आणि आतले मणी एकमेकांना घासत राहत, असे दहा ते पंधरा दिवस. आपला टंबलर म्हणजे तीच पिशवी आहे. फरक इतकाच की समोरच्या माणसाची जागा मोटारीने घेतली, आणि ते सोयीचेच झाले, कारण पंधरा दिवस पट्टा ओढणे हे हौसेचे काम नव्हते. परंतु त्या दोन माणसांना पंधरा दिवस एकमेकांसमोर बसावे लागे, आणि पिशवी किती झाली, आता उघडावी का, पूड घालावी का, हे ते बोलूनच ठरवत असणार. मोटारीने हात सोडवले, तसे हे बोलणेही संपवले. ते आता आपल्याला मुद्दाम घडवून आणावे लागते.

रतनपूरला बावा गोर या सिद्दी पिराचा दर्गा आहे आणि अकीकाचे कारागीर त्यांना आपल्या धंद्याचे मूळपुरुष मानत आले आहेत. तुम्हाला मात्र एवढ्या लांब जाण्याचे कारण नाही. तुमच्या संगमनेरजवळच जोर्वे आहे, जिथे १९५०-५१ साली उत्खनन झाले आणि ज्याच्या नावाने ताम्रपाषाणयुगातली एक अख्खी संस्कृती ओळखली जाते. प्रवरेच्याच काठी खाली नेवासे आहे. तीन हजार वर्षांपूर्वी या काठांवर राहणारी माणसे याच कॅल्सेडनीची, म्हणजे अकीकाच्या जातीच्या दगडाची, पाती काढत होती आणि अकीकाचे, कार्नेलियनचे मणी गळ्यात घालत होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक व्यापारवृत्तांतात पैठणहून भडोचला (आजच्या भरूचला) गाड्या भरभरून पट्ट्यांचा अकीक जात असल्याचे लिहिले आहे. "हिरा तो हिरा, गार ती गार" ही म्हण ज्याने केली त्याने प्रवरेची गार कोरडी करून उजेडात धरली नसावी.

आता करवतीविषयी, कारण ड्रमवाले आणि दगड कापणारे यांच्यातली देवाणघेवाण हा या मैत्रीतला सर्वांत सकस भाग आहे. दोघांचे स्वभाव वेगळे असतात. ड्रमवाला वाट पाहतो. त्याचे काम आठवड्यांच्या हिशोबात चालते आणि दगडाने कोणता आकार घ्यावा हे तो बरेचसे दगडावर सोडतो. कापणारा ठरवतो, अकीकाच्या गड्ड्यात पट्टे कसे वळले असतील याचा अंदाज बांधून तो करवत लावतो, आणि एकदा कापले की परत जोडता येत नाही. पण त्याच्या टेबलाखाली कायम एक टोपले असते, आणि त्यात करवतीने उडवलेले कोपरे, पातळ पडलेल्या चकत्या, मधेच भेग निघाल्याने सोडलेले तुकडे साठत असतात. कापणाऱ्याला ते निरुपयोगी, आणि ड्रमवाल्याला ते सोन्यासारखे, कारण आतला रंग त्यांत आधीच उघडा पडलेला असतो. उलट, नदीकाठी वर्षानुवर्षे हिंडणाऱ्या ड्रमवाल्याच्या हाती असे मोठे गोटे लागतात जे ड्रममध्ये मावतच नाहीत. आमच्या गटातला एक तरुण इंजिनिअर मला असे गोटे आणून देतो. मी ते कापतो, मधल्या दोन चकत्या ठेवतो आणि उरलेले सगळे त्याला परत करतो. पहिला काप पूर्ण होऊन दोन अर्धगोल वेगळे होतात त्या क्षणी तो हजर असलाच पाहिजे असा आमचा दंडक आहे. बाहेरून बटाट्यासारखा दिसणारा गोटा आत निळसर करड्या वलयांचा निघतो, मध्ये स्फटिकांची छोटी खोबण असते, आणि साडेसहा कोटी वर्षे बंद असलेले ते दालन आपण दोघेच पहिल्यांदा पाहत असतो. एकट्याने कापलेले अनेक सुंदर गोटे माझ्या कपाटात आहेत, पण त्यांतल्या कोणत्याही कापाचा दिवस मला आठवत नाही.

जागांविषयीही सांगितले पाहिजे, कारण मैत्री तुटते ती बहुधा तिथेच. चांगला शेवाळी अकीक कुठल्या ओढ्यात मिळतो हे ज्याने शोधले त्याचे ते ज्ञान असते. कुणी तुम्हाला सोबत नेले तर ती जागा तुम्हाला दाखवली गेली आहे, दिली गेलेली नाही. तिसऱ्या माणसाला तिथे न्यायचे असेल तर आधी विचारावे. अनेक वर्षांपूर्वी मी एका उत्साही ओळखीच्या माणसाला अशीच एक जागा सांगितली आणि पुढच्या उन्हाळ्यात कुणा व्यापाऱ्याची माणसे पोती घेऊन तिथे उतरली. ज्या स्नेह्याने मला ती दाखवली होती त्याच्यासमोर जाऊन मी हे स्वतः सांगितले. संबंध टिकला, पण पूर्ववत व्हायला काही वर्षे गेली.

जागेचा पहिला मालक बहुतेक वेळा शेतकरी असतो, हे शहरातून जाणारे लोक विसरतात. काळा पाषाण कुजून माती होते, अकीक कुजत नाही, म्हणून तो नांगराच्या फाळाला लागतो आणि शेतकरी तो वैतागून बांधावर फेकतो. बांधावरचे दगड न्यायला कुणी नकार देत नाही, पण विचारल्याशिवाय वाकू नये. आणि नेलेल्या दगडांतला एक तरी, झिलई होऊन, त्या घरी परत गेला पाहिजे. आमच्या गटाने हा नियम वीस वर्षे पाळला आहे, आणि त्यामुळे शिरूर तालुक्यातल्या काही घरांत आम्ही आता दगडांसाठी नव्हे तर हुरड्यासाठी जातो. अभयारण्ये, संरक्षित पुरातत्त्व स्थळे आणि लोणार यांना मात्र हात लावायचा नाही. जोर्वे आणि नेवाशाच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांवर दिसलेला मणी तिथेच राहू द्यायचा.

धुळीविषयी मी कठोर आहे आणि तुम्हीही व्हावे. गारेची कोरडी धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. खंबायतेच्या अकीक कारागिरांत या रोगाने फार माणसे गेली आहेत. आपण ज्यांची परंपरा अभिमानाने सांगतो त्यांचे हे दुःख आपल्याला ठाऊक असले पाहिजे. म्हणून कापणे आणि घासणे नेहमी पाण्यातच. ड्रममधला लगदा मोरीत ओतायचा नाही, कारण तो नळीत सिमेंटसारखा बसतो; बादलीत निवळू द्यावा आणि वाळण्याच्या आत ओला असतानाच मातीत पुरावा. सोबती कोरडा काप घेताना दिसला तर त्याचे यंत्र बंद करण्याचा अधिकार आम्ही एकमेकांना दिलेला आहे.

पैलूंचे यंत्र आत्ताच घेऊ नका. पैलूंचे काम अंशांचे असते. स्फटिकाच्या (पारदर्शक गारेच्या) खड्याच्या खालच्या बाजूचे मुख्य पैलू साधारण ४२ ते ४३ अंशांवर ठेवावे लागतात. तो कोन ४०.४ अंशांच्या खाली घसरला की उजेड परावर्तित न होता सरळ आरपार निघून जातो आणि खड्याच्या मधोमध खिडकीसारखी निस्तेज जागा दिसते. शिवाय कच्च्या दगडाचा तीन चतुर्थांश भाग सहज पुडीत जातो. ज्याला अजून पहिल्या पायरीचा खड्डा दिसत नाही त्याला पैलूंच्या टोकांची चूक दिसणार नाही, आणि महागडे यंत्र एकांत वाढवील. आधी एखाद्या पैलू पाडणाऱ्याच्या शेजारी चार-सहा रविवार बसा, लाखेवर खडा सरळ कसा बसवतात ते पाहा, मग ठरवा.

असा माणूस शोधायचा कुठे, हे तुम्ही विचारले नाही, पण खरी अडचण तीच आहे. तुमच्या जवळच्या महाविद्यालयात भूशास्त्र विभाग असेल तर तिथल्या प्रयोगशाळेच्या साहाय्यकापासून सुरुवात करा; कापलेले दगड हातातून गेलेला माणूस तिथे हमखास असतो. सिन्नरचे गारगोटी संग्रहालय तुमच्यापासून फार लांब नाही. तिथे तासभर एकाच कपाटापुढे उभा राहणारा दिसला तर त्याच्याशी बोला. दुर्बिणीचा आरसा स्वतः घासणारे हौशी लोकही आपलेच आहेत, कारण त्यांचीही पूड तीच, सिलिकॉन कार्बाइड आणि शेवटी सेरियम ऑक्साइड, आणि ओरखड्याची धास्तीही तीच. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था आहे; माझी सेरियमची पहिली पुडी मला आरसा घासणाऱ्या अशाच एका स्नेह्याने दिली होती.

बिघडलेले तीन लॉट तोवर पुन्हा फिरवू नका. ते कोरडे करून तीन वेगळ्या डब्यांत ठेवा, प्रत्येक डब्यावर कोणती ग्रिट किती दिवस वापरली ते लिहा, आणि जो कुणी भेटेल त्याच्यापुढे, तुमचे निदान न सांगता, ते डबे उघडून ठेवा. आवाजासाठी टंबलरखाली जुन्या टायरच्या ट्यूबची दुहेरी पट्टी घाला आणि तो भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. पुण्याला येणे झाले तर डबे घेऊन रविवारी सकाळी या. घड्याळवाले गृहस्थ आता नाहीत, पण त्यांचे भिंग माझ्याकडे आहे आणि ट्यूबलाइटही तशीच आहे.